चौथ्या लाइनला विचारायचं नाही

१

चौथ्या लाइनला काही विचारायचं नाही. का विचारायचं नाही, हेही विचारायचं नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला सांगितलेला हा एकमेव नियम. बाकी सगळं ‘बघून बघून शिकशील’. नियम सांगितला हेडमास्तरांनी. ते आमच्या कार्यक्रमाचे संपादक. शाळेशी त्यांचा काही संबंध नाही, पण चष्म्यावरून असे बघतात की समोरच्याला आपली वही अपुरी असल्यासारखं वाटतं. शेजारी माझी मावशी बसली होती, कार्यक्रमाची निवेदिका. तिचा आवाज ऐकत अर्ध्या शहराने दुपारची जेवणं उरकली आहेत. आणि दाराला टेकून फ्यूजराव, आमचे जुने तंत्रज्ञ. कुठलंही यंत्र बिघडलं की त्यांचं निदान एकच असतं, म्हणून हे नाव.

“पण का?” मी विचारलंच.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फ्यूजराव हसले. “घ्या. अजून खुर्ची गरम नाही झाली.”

“लहानपणापासून अशीच आहे,” मावशी म्हणाली. “इस्त्रीला हात लावू नको म्हटलं की पहिला हात हिचा. उगाच नाही हिला ठिणगी म्हणत.”

“मग भाजला का हात?” हेडमास्तरांनी विचारलं.

“भाजला ना. पण रडली नाही.”

“छान,” हेडमास्तर म्हणाले. दुकानात कापड दोन बोटांत चोळून बघून माणूस म्हणतो ना, छान, हेच द्या, तसं.

२

‘देशोदेशी’ हा आमचा रेडिओवरचा रोज दुपारचा कार्यक्रम. जगात कुठे काय पेटलं, काय बुडालं, कुठलं सरकार पडलं, हे तिथे राहणारे आमचे बातमीदार फोनवरून सांगतात आणि मावशी काचेपलीकडच्या खोलीत बसून त्यांना प्रश्न विचारते. मी काचेच्या अलीकडे. माझं काम लाइन जोडण्याचं. माणूस प्रक्षेपणात जाण्याआधी त्याचा आवाज किती मोठा, किती बारीक हे तपासावं लागतं. त्याला आम्ही लेव्हल घेणं म्हणतो. लेव्हल घेताना ‘एक दोन तीन’ म्हणायला लावलं की माणूस यंत्रासारखा बोलतो. म्हणून आम्ही विचारतो, सकाळी काय खाल्लंत? खाण्याबद्दल कुणीही माणसासारखं बोलतं.

मला हा प्रश्न फार आवडायचा. एका राजधानीत रणगाडे शिरले, त्या दिवशी तिथला बातमीदार मला म्हणाला, “अंडं. तेही करपलेलं. बायको रागावलीय.” आणि लगेच मावशीला त्याच आवाजात मेलेल्यांची संख्या सांगितली. दुसऱ्या लाइनवर बाजारभावांबद्दल बोलणाऱ्या बाई असायच्या. त्यांचं उत्तर ठरलेलं. “काही नाही. निव्वळ आळस.”

चौथ्या लाइनला यातलं काही नाही. बाकीच्यांचं नाव असायचं, शहर असायचं, देश असायचा. चौथ्याचं फक्त ‘आमचे बातमीदार’. मावशी म्हणायची, “आणि आता आमचे बातमीदार.” मी समोरच्या यंत्रावरची चौथी पट्टी वर सरकवायचे आणि आवाज यायचा. पुरुषाचा, ना तरुण ना म्हातारा, सर्दी होऊन गेल्यावर उरतो तसा कोरडा.

“इथली परिस्थिती अजून तशीच आहे. पाणी बंद आहे. उंच इमारतीची लिफ्ट थांबली आहे. बहुतेक लोक हातात मावेल तेवढं घेऊन खाली उतरले आहेत. वरच्या मजल्यावरचे एक वृद्ध गृहस्थ उतरायला तयार नाहीत. रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी टोमॅटो लावले आहेत. त्यांना पाणी कोण घालणार, असं ते विचारतात. इथून तूर्तास इतकंच.”

इथून म्हणजे कुठून? मी कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकले. नकाशात बोट ठेवता येत नसेल तर ती बातमी नाही, अफवा आहे, असं आमचे सर सांगायचे. आणि इथे रोज एक माणूस नकाशाबाहेरून बोलत होता. एकाही श्रोत्याने कधी पत्र टाकून विचारलं नव्हतं की बाबा रे, हे कुठे चाललंय.

“हा माणूस आहे कुठे?” मी मावशीला एकदा धरलंच.

“तिकडे.”

“तिकडे म्हणजे?”

“लांब ग.”

“लांब म्हणजे कुणापासून?”

मावशीने कप खाली ठेवला. बशी वाजली. ज्या बाईचा श्वाससुद्धा माइकवर कधी ऐकू आला नाही, तिच्या हातून बशी वाजली. “प्रत्येक गोष्टीला फाटे फोडू नयेत,” ती म्हणाली आणि उठून गेली.

मोठ्या माणसांची ही एक खुबी असते. उत्तर नसलं की प्रश्नच वाईट ठरवायचा.

३

शेवटी एक दिवस विचारलं. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. चीड होती.

कार्यक्रम सुरू व्हायचा होता. हेडमास्तर फोनवर कुणाला तरी झापत होते. मावशी काचेपलीकडे आपले कागद मनातल्या मनात वाचत होती. फ्यूजराव चहा आणायला गेले होते. पहिली लाइन झाली, दुसरी झाली (“निव्वळ आळस”), तिसरी झाली. मग मी पलीकडच्याशी बोलायचं बटण दाबलं, चौथ्यासाठी.

“नमस्कार. लेव्हलसाठी जरा बोला. सकाळी काय खाल्लंत?”

कुठलीही लाइन पूर्ण शांत नसते. मागे गाड्या असतात, कुत्रं असतं, निदान पंखा असतो. इथे काहीच नव्हतं. कुणीतरी तळहाताने जग झाकून ठेवल्यासारखं.

“आभारी आहे,” आवाज म्हणाला. “बऱ्याच दिवसांनी कुणी विचारलं.”

मला बरं वाटलं. खरंच. नुसता माणूस होता बिचारा, एकटा पडलेला.

“अर्धा पाव,” तो पुढे म्हणाला. “लोणी संपलं होतं. उरलेला अर्धा तुम्ही ताटलीत ठेवलात आणि त्यावर बशी उलटी घातलीत.”

मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

पाव सगळेच खातात. लोणी कुणाचंही संपतं. हे मी स्वतःला लगेच सांगितलं. पण बशी? अन्न टाकलं की आई बोलते, म्हणून उरलेलं बशीखाली झाकून सटकायची सवय मला शाळेपासून आहे. ती बाहेर कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नाही. आणि ‘तुम्ही’ का म्हणाला तो?

मागे वळले तर दारात फ्यूजराव. हातात चहाचे कप. ते कधीपासून उभे होते मला माहीत नाही. आता ओरडणार, असं वाटलं. ते पुढे आले, आवाज मोजणाऱ्या काट्याकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, “लेव्हल बरोबर आहे.”

मग चहा दिला. आधी मला दिला. एरवी माझ्या वाटेला तळाचा, गार झालेला चहा यायचा.

४

त्या दुपारी चौथी लाइन म्हणाली, “इथली परिस्थिती बदलली आहे.”

काचेपलीकडे मावशीने डोळे मिटले.

उंच इमारत नव्हती, लिफ्ट नव्हती, टोमॅटो नव्हते. एक बुटकी इमारत होती. जिन्याचा कठडा एका ठिकाणी दोरीने बांधलेला होता. पाणी बंद होणार अशी कुजबुज तिथल्या रहिवाशांत होती. इथून तूर्तास इतकंच.

आमच्या जिन्याचा कठडाही दोरीने बांधलेला आहे. मीच बांधलाय. जगात मोडक्या कठड्यांची काही कमी नाही, मी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी मावशी आमच्या घरी आली. हातात टोमॅटोची पिशवी. तिला इतकं खूश मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. “अगं, हे खाली उतरले!” ती आईला सांगत होती. “चक्क कोपऱ्यापर्यंत फिरून आले. लिफ्टही सुरू झाली.”

“लिफ्ट बंद होती?” आईने विचारलं. “बोलली नाहीस कधी. आणि भावजींना काय झालं होतं?”

“काही नाही ग. म्हातारपणाचे हट्ट.”

मावशीच्या घरी मी पूर्वी जायचे. काकांचा स्वभाव तिरसट होत गेला तसं जाणं सुटलं. त्यांच्या घराची आठवण म्हणजे उंच इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, बस्स. मी पिशवीतला एक टोमॅटो उचलला. त्याच्या पोटाला निळ्या रंगाचा वाळलेला ओघळ लागला होता. तेलरंगाचा. डब्याच्या काठावरून उतरावा तसा. नखाने खरवडला तरी निघेना.

निघताना मावशीने आईला मिठी मारली. बराच वेळ सोडलंच नाही.

“काय ग, परदेशी निघालीस की काय?” आई हसली. मावशी हसली नाही.

५

माझी आई घरी बसून कपडे दुरुस्त करून देते. पँट आखूड, ब्लाउज सैल, चेन बसवणं. दिवसभर शिवणयंत्र चालू असतं आणि त्याच्या आवाजावरून मी जिन्यातच ओळखते, आज काम जाड कापडाचं आहे की पातळ. बेल वाजली की आधी यंत्र थांबतं. मग कात्री काचेच्या टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग हाक, “कोण? थांबा, उघडतेय.” आमचं दार जमिनीला घासतं. ते उचलून ओढावं लागतं, तेव्हा असं किंचाळतं की खालच्या मजल्यालाही आमच्याकडे पाहुणे आल्याचं कळतं.

पुढच्या काही दिवसांत काय काय झालं ते लिहिते. प्रत्येक गोष्टीला साधं कारण होतं, हेही लिहिते.

आईने घरातली सगळी भांडी पाण्याने भरली. मग बादल्या. मग माझा शाळेतला डबासुद्धा.

“पाणी जाणार आहे म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच.”

मग दाराशी एक पिशवी दिसू लागली. आईचं लुगडं, माझा एक फोटो, दोन सुया टोचलेली दोऱ्याची रिळं. “असू दे ग, सवय म्हणून,” ती म्हणाली. कसली सवय? ही बाई लग्नालासुद्धा आयत्या वेळी बॅग भरते.

मग एका सकाळी कामाला निघाले तर जिन्याच्या पायथ्याशी शेजारी रांगेत उभे. प्रत्येकाच्या हातात पिशवी. समोरचे पोस्टातले गृहस्थ, वरच्या मजल्यावरची नर्स, तिची सासू. कुणी पुढे सरकत नव्हतं, कारण रांगेच्या टोकाला भिंत होती.

“कसली रांग आहे?” मी विचारलं.

“उभं राहायला सांगितलंय,” नर्स म्हणाली. ती दिवसभर दुसऱ्यांना सूचना देणारी बाई.

“कुणी सांगितलं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच वेड लागलंय. “रेडिओवर. तुमच्याच ना?”

त्या दुपारी चौथी लाइन म्हणाली, “बुटक्या इमारतीतले बहुतेक लोक खाली उतरले आहेत. मधल्या मजल्यावरची एक शिवणकाम करणारी बाई उतरायला तयार नाही. हातातलं काम अर्धं आहे, असं ती म्हणते. तिची मुलगी कामावर गेली आहे.”

तेव्हा मला टोमॅटो आठवले.

६

मी काय केलं नाही?

आईला घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. दंडाला धरून जिन्यापर्यंत नेली. दोरी बांधलेल्या कठड्याशी ती थांबली आणि परत फिरली. ओढाताण नाही, रडारड नाही. “अर्धी शिवण टाकून कशी येऊ? त्या बाईंना उद्या द्यायचंय.” कुठल्या बाईंना, ते तिला सांगता येईना. यंत्राखाली पांढरं कापड होतं आणि त्याचं टोक मला सापडलं नाही.

पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, रांगेत उभं राहणं गुन्हा नाही.

मग अशा संकटांत मदत पाठवणाऱ्या एका मोठ्या संस्थेला केला. त्यांचे नंबर आमच्याकडे पाठ असतात. रोज त्यांच्याच प्रतिक्रिया घेतो आम्ही. मी आमचा पत्ता सांगितला. गल्ली, इमारत, मजला.

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “हो, तिथल्या बातम्या आम्ही नियमित ऐकतो आहोत. परिस्थिती गंभीर आहे. आमचं बारीक लक्ष आहे.”

“अहो, लक्ष काय ठेवताय? मी याच शहरातून बोलतेय! तुमच्या ऑफिसपासून चालत यायचं अंतर आहे!”

“आम्हाला तिथल्या लोकांविषयी अत्यंत चिंता वाटते,” ती म्हणाली. आणि तिला वाटत होतीच. तिच्या आवाजात खोटं काही नव्हतं. हेच वाक्य मी तिच्याकडून कितीदा रेकॉर्ड करून घेतलं होतं, “थोडं सावकाश म्हणा” असं सांगून.

दुसऱ्या दिवशी मी चौथी पट्टी उघडलीच नाही. मावशी म्हणाली, “आणि आता आमचे बातमीदार,” आणि मी हात मांडीवर ठेवून बसले. क्षणभर शांतता. मग दुसऱ्या लाइनवरच्या बाजारभाववाल्या बाई बोलू लागल्या. त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच लकबीत. “आज जिन्यात पावलं वाजली. शिवणकाम करणारी बाई अजून आतच आहे.”

नंतर मी त्यांना फोन करून विचारलं, तुम्ही हे काय बोललात?

“मी? मी तर आज कांद्याच्या निर्यातीवर बोलले,” त्या म्हणाल्या. “बरी आहेस ना?”

७

कार्यक्रम संपल्यावर मी तिघांना मावशीच्या खोलीत गाठलं आणि दार लावून घेतलं.

“ते काकांचं घर होतं,” मी म्हटलं. “टोमॅटो. लिफ्ट. इतके महिने.”

कुणी नाही म्हणालं नाही. मला वाटलं होतं निदान नाही तरी म्हणतील.

“मी सवयीने विचारलं होतं ग,” मावशी भिंतीकडे बघत म्हणाली. “तू यायच्या आधी लाइन मीच जोडायचे. नुसतं सवयीने. सकाळी काय खाल्लंत. आणि मग रोज... रोज स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, आणि आता आमचे बातमीदार. आणि आपल्याच घराची बातमी ऐकायची. आवाज न हलवता.”

“मग मला खरं का नाही सांगितलंस?”

“नियम सांगितला होता,” हेडमास्तर म्हणाले.

“नियम!”

“विचारायचं नाही, इतका साधा नियम होता. आम्ही काही लपवलं नाही. तू पाळला असतास तर...”

ते बोलायचे थांबले, कारण मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला ते कापड चोळणं आठवलं होतं. छान, हेच द्या.

“इस्त्री,” मी म्हटलं. “हात लावू नको म्हटलं की हिचा पहिला हात. मावशी, तू त्यांना ते हसत हसत सांगितलंस. माझ्यासमोर.”

मावशीने तोंड पदरात झाकलं.

“कुणी ना कुणी विचारावंच लागतं,” फ्यूजराव समजुतीच्या सुरात म्हणाले. कुणाचा कुकर बिघडला असता तरी ते याच सुरात बोलले असते. “नव्याने कुणी विचारलं की जुन्याला सोडतं. आम्हाला एवढंच कळलंय. त्यापुढचं आम्हाला विचारू नकोस, खरंच माहीत नाही. बंद करून बघितलं, वायर तोडून बघितली.”

“आणि कुणी विचारलंच नाही तर?”

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय ते अगदी साधे, थकलेले दिसत होते. “मी राहायचो ती गल्ली,” ते म्हणाले, “तू पाहिली आहेस का कधी?”

“कुठली?”

“तेच. बेकरीच्या शेजारी आता चपलांचं दुकान आहे. भिंतीला भिंत लागून. मध्ये गल्ली होती. बेकरीवाला म्हणतो, इथे कधीच काही नव्हतं.” त्यांनी चष्मा घातला. “माझे वडील होते तिथे. माझ्यानंतर कुणी विचारलंच नाही.”

माझा राग कुठे ठेवायचा तेच मला कळेना.

मग ते पुन्हा संपादकाच्या आवाजात म्हणाले, “उद्या नवी मुलगी येतेय. हुशार आहे. प्रश्न फार विचारते. नियम मी सांगेन. तू फक्त तिच्या शेजारी बस आणि गप्प राहा.”

“तुझ्या आईसाठी,” मावशी म्हणाली. “माझ्या बहिणीसाठी ग.”

लाज वाटते, पण मी तेव्हा नाही म्हणाले नाही.

८

नवी मुलगी गोरीमोरी वगैरे अजिबात नव्हती. आल्या आल्या तिने विचारलं, “इथे खिडकी का नाही?” केस वर बांधलेले, बोटांना शाई, खांद्याला फाटकी झोळी. झोळीच्या एका कोपऱ्याला टाके घातले होते, सुबक, कुणीतरी जीव लावून घातलेले.

“आईने शिवलंय,” माझी नजर बघून ती म्हणाली. “मला फेकायची होती. पण तिच्यापुढे कोण बोलणार.”

हेडमास्तरांनी नियम सांगितला. शब्द तेच, चष्म्यावरून बघणं तेच.

“पण का?” तिने विचारलं.

फ्यूजराव हसले. “घ्या. अजून खुर्ची गरम नाही झाली.”

मी माझ्या हातांकडे बघत बसले.

सकाळपासून आईचा फोन लागत नव्हता. निघताना ती यंत्रावर होती, मान वर न करता. रांगेत आता कुणी नव्हतं. जिन्याच्या पायथ्याशी फक्त पिशव्या होत्या, ओळीने ठेवलेल्या.

कार्यक्रमाची वेळ झाली. मावशी काचेपलीकडे बसली. हेडमास्तर आणि फ्यूजराव मागे उभे राहिले. एरवी ते कधीच आमच्या मागे उभे राहत नाहीत. मुलीने पहिली लाइन घेतली. पलीकडचा पोटदुखीमुळे नुसता चहा प्यायला होता. ती हसली. मी पहिल्या दिवशी हसले होते तशीच. दुसरी झाली. तिसरी झाली. मग तिने तिरक्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीच न कळल्यासारखं तोंड केलं आणि तिचं बोट चौथ्याकडे सरकू लागलं.

मी हेडफोन घातलेला होता. चौथ्या लाइनवर आज ती झाकल्यासारखी शांतता नव्हती. यंत्र चालू होतं. पातळ कापड, लांब सरळ शिवण. मी हा आवाज जगात कुठेही ओळखेन.

पावलं. जिन्यातली. दोरीचा कठडा हलला की करकरतो, तो करकरला.

बेल.

यंत्र थांबलं. कात्री काचेवर ठेवली गेली.

“कोण? थांबा, उघडतेय.”

मी मागे वळले. फ्यूजरावांनी मला हाताने खूण केली, गप्प बस, होतंय. हेडमास्तरांचे ओठ हलत होते. काचेपलीकडे मावशीने हात जोडले होते. कुणाला ते कळेना, मला की त्या मुलीला. मला काहीही करायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं. इतकं सोपं. याच खोलीत इतकी वर्षं सगळे तेच करत आले होते, लांबची बातमी ऐकत नुसते बसत आले होते.

मुलीचं बोट बटणावर टेकलं. “नमस्कार,” ती म्हणाली, “लेव्हलसाठी जरा...”

मी तिचा हात झटकला. इतक्या जोरात की ती खुर्चीसकट मागे सरकली. “नाही,” मी म्हटलं. “ही विचारणार नाही. आणि हिच्यानंतरची पण नाही.”

“मूर्ख मुली!” हेडमास्तर ओरडले. “तिकडे तुझी आई आहे!”

“माहीत आहे मला कोण आहे!”

“ठिणगे, अगं ऐक, एकच प्रश्न, तिला नुसतं विचारू दे...” मावशी काचेपलीकडून म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. प्रक्षेपणाचा लाल दिवा लागलेला होता. म्हणजे हे सगळ्या शहरात गेलं.

मी चौथी पट्टी पूर्ण वर ढकलली आणि बोलायचं बटण दाबलं. आवाजाला काही विचारलं नाही. त्याच्याशी मला काही बोलायचंच नव्हतं.

“आई,” मी म्हटलं. “मी बोलतेय. उघडू नकोस.”

काचेपलीकडे मावशी माइकसमोर तोंड उघडून तशीच बसली होती.

कानात, दाराबाहेर कुणीतरी उभं आहे. चप्पल फरशीवर थांबल्याचं मला ऐकू आलं. आमचं दार उचलून ओढावं लागतं. किंचाळतं. तो आवाज अजून आलेला नाही.

मी बटण सोडलेलं नाही.